मोठ्या मांजरीच्या घरात नवं पिल्लू आणताना

पावसाची झड लागली की नागपुरात मांजरीची पिल्लं सापडू लागतात. जिन्याखाली, दोन घरांमधल्या सांदवाडीत, उभ्या गाडीच्या बोनेटखाली. ओलं, कापणारं पिल्लू पाहून राहवत नाही. ते घरी येतं आणि थेट हॉलमध्ये ठेवलं जातं. त्या घरात आधीच चार वर्षांची मांजर असते. ती येते, हुंगते, फिस्कारते आणि दिवाणाखाली जाऊन बसते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू द्या, दोन दिवसांत होईल सवय." पुढे वर्षानुवर्षं टिकणारं वैर बरेचदा याच दोन दिवसांत रुजतं. कारण सवय भीतीचीही होते.

मांजर एकटी शिकार करते आणि एकटी खाते. घरभर ती गाल घासत फिरते: दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पोटरीला. जिथे तिचा वास, ते तिचं घर. त्या जागेत परका वास चालत आला की तो केवढासा आहे हे ती बघत बसत नाही. म्हणून ओळख करून द्यायचा क्रम ठरलेला आहे. आधी वास, मग दाराआडून आवाज आणि जेवण, मग जाळीतून नजर, आणि सगळ्यात शेवटी एका खोलीत दोघं. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. काही मांजरींना दोन-तीन महिनेही लागतात, आणि त्यात काही वावगं नाही. वेग घरची मांजर ठरवते. पिल्लू तर पहिल्याच दिवशी तयार असतं.

आणायचं की नाही, हे आधी

घरी नसबंदी न झालेला बोका असेल तर पिल्लू आणू नका. असा बोका परक्या पिल्लाला मारू शकतो. आधी त्याचं ऑपरेशन करा आणि नंतर किमान चार ते सहा आठवडे जाऊ द्या, कारण अंगातले हार्मोन्स लगेच उतरत नाहीत. मांजर गाभण असेल, तिची स्वतःची पिल्लं अंगावर पीत असतील, किंवा मूत्रपिंडाचा आजार, संधिवात, सततची उलटी असं काही चालू असेल, तर तिच्यावर नवं ओझं टाकू नये. बारा-तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या मांजरीला दिवसभर शेपटीवर उड्या मारणारं पिल्लू नकोच असतं. तिथे एकाऐवजी एकाच वेतातली दोन पिल्लं आणणं पुष्कळदा सोपं जातं. ती एकमेकांशी खेळून दमतात आणि आजीला झोपू देतात. खर्च मात्र दुप्पट, हे आधी मान्य करा.

पिल्लाचं वय किमान आठ आठवडे असावं, बारा असेल तर आणखी चांगलं. आईजवळ आणि भावंडांत राहिलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा चिडला की कधी थांबायचं, हे कळतं. लवकर वेगळं केलेलं पिल्लू मोठ्या मांजरीचा इशारा वाचत नाही आणि मार खातं. सापडलेल्या पिल्लाचं वय कळत नसेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. नीट खाल्लेलं पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढतं, म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं. डोळे अजून निळसर असतील तर ते बहुधा सात आठवड्यांच्या आतलं आहे. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला बाटलीनं दूध, ऊब आणि दर काही तासांनी देखभाल लागते. ते काम वेगळंच. अशा पिल्लाची ओळख करून द्यायची घाई करूच नये.

वेळही बघा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, सगळं घर एका कूलरच्या खोलीत गोळा होतं आणि दोन मांजरींना वेगळं ठेवणं अवघड जातं. दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडाही टाळा. महाल-इतवारीत राहणाऱ्यांनी तान्ह्या पोळ्याच्या सुमारास, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवसांत नवं पिल्लू आणू नये. ढोल-ताशांनी बिथरलेली मांजर त्याच वेळी दिसलेल्या पिल्लाशी तो आवाज जोडून ठेवते. घरात पाहुणे, रंगकाम, लग्न असेल तर तेही उरकू द्या.

घरी नेण्याआधी डॉक्टर

पिल्लू आधी दवाखान्यात, मग घरी. सेमिनरी हिल्सला १९५८ साली सुरू झालेलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय जवळपास प्रत्येक भागात मांजरी बघणारे खासगी डॉक्टर आहेत. जाताना पिल्लाची ताजी शी एका छोट्या डबीत न्या. त्यातून जंत तपासता येतात.

सगळ्यात भ्यायचं ते पॅनल्यूकोपेनिया या मांजरींच्या विषाणूजन्य आजाराला. उलट्या, जुलाब, एकदम मलूल होणं, आणि लहान पिल्लं फार लवकर जातात. याचा विषाणू फरशीवर, कापडावर, चपलेच्या तळव्यावर एक वर्षापर्यंत टिकू शकतो. म्हणून घरच्या मांजरीची लस बाकी असेल तर पिल्लू येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ती पूर्ण करा. पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस दिला जातो. याच लसीत सर्दी-शिंकांचे दोन विषाणू आणि पॅनल्यूकोपेनिया येतात. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर.

डॉक्टरांकडून आणखी चार गोष्टी बघून घ्या: कानातले किडे, पिसवा, गजकर्णाचे केस गेलेले गोल चट्टे, आणि एफआयव्ही व ल्युकेमिया या मांजरींना होणाऱ्या दोन विषाणूंची रक्तचाचणी. गजकर्ण माणसालाही होतो आणि लागण झाल्यावर दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. पिसवांसाठी कुत्र्यांची पावडर किंवा मानेवर टाकायचं कुत्र्यांचं औषध वापरू नका. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात आणि जीवही जातो. वयाला आणि वजनाला चालेल असं औषध डॉक्टरच देतील. तोवर बारीक दातांची फणी पुरते.

रस्त्यावरून उचललेलं पिल्लू पूर्ण १४ दिवस वेगळ्या खोलीत. हे चौदा दिवस वाया जात नाहीत, घरची मांजर बंद दाराआडून माहिती गोळा करत असते.

पिल्लाची खोली

घरातली सगळ्यात लहान, सगळ्यात कमी वर्दळीची खोली निवडा. घरची मांजर जिथे झोपते ती खोली घेऊ नका. तिची जागा काढून घेतली तर पिल्लू दिसण्याआधीच राग सुरू होतो. टू बीएचके फ्लॅटमध्ये दुसरी बेडरूम किंवा मोठं, कोरडं बाथरूम चालतं. मात्र बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवू नका आणि मोरीच्या जाळीचं तोंड नीट बसवा.

खोलीत काय असावं? शी-सूसाठी सहा-सात सेंटिमीटर उंचीच्या कडेचा लिटर ट्रे, म्हणजे रेतीसारखं लिटर भरलेला ट्रे, नाहीतर पिल्लाला आत चढता येत नाही. त्यापासून दीड-दोन मीटर लांब पाणी आणि जेवण. लपायला पुठ्ठ्याचा खोका, त्याला दोन दारं कापलेली. नखं काढायला लाकडाच्या फळीला घट्ट बांधलेलं तरट किंवा सुतळी गुंडाळलेला खुंट. झोपायला जुनी चादर. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या खाली जाते. तेव्हा कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून एका कोपऱ्यात ठेवा, पण पिल्लाला तिच्यापासून दूर सरकता आलं पाहिजे.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू लिटर चाखून बघतं. ओलं झाल्यावर गोळा होणारं बेंटोनाइट लिटर पोटात गेलं तर आतड्यात अडकू शकतं. त्याऐवजी लाकडाच्या गोळ्यांचं किंवा कागदाचं लिटर घ्या, किंवा धुतलेली, वाळवलेली, चाळलेली रेती. घरच्या मांजरीचं लिटर मात्र बदलू नका. तिला ज्याची सवय आहे तेच ठेवा.

खोलीची तपासणी गुडघ्यावर बसून करा. कपाटामागची फट, गीझरची वायर, दिवाणाच्या खालची फाटकी गादी, पडद्याची लोंबणारी दोरी. खिडकीच्या गजांतून दोन महिन्यांचं पिल्लू सहज बाहेर निघतं, त्यामुळे तिथे जाळी हवीच. खोलीत कूलर असेल तर त्याची टाकी झाकलेली हवी. पाण्यात पडलेल्या पिल्लाला गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही. फरशी पुसायला फिनाईल किंवा डेटॉल नको. त्यातले फिनॉल जातीचे घटक मांजराचं यकृत हाताळू शकत नाही आणि पिल्लू तर पंजे सतत चाटतं. साधं डिटर्जंट आणि पाणी पुरे.

पिल्लू घरी आणताना पिंजऱ्यातूनच आणा, वर चादर टाका, आणि घरची मांजर दुसऱ्या खोलीत बंद असताना थेट त्याच्या खोलीत न्या. हॉलमध्ये थांबून सगळ्यांना दाखवू नका.

पहिले तीन दिवस दुसरं काहीही करायचं नसतं. पिल्लू खाईल, झोपेल, ट्रे शिकेल. तुम्ही त्याच्या खोलीतून बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा आणि तिथे वापरायचा एक जुना सदरा वेगळा ठेवा. घरच्या मांजरीचं जेवण, खेळ, अंथरुणात शिरायची वेळ, काहीही बदलू देऊ नका. घरातल्या एका माणसाकडे हे काम सोपवा. आजीकडे सोपवलं तर उत्तमच, कारण आजीच्या वेळा चुकत नाहीत.

या दिवसांत घरची मांजर बंद दारापाशी येईल, खालच्या फटीत नाक घालेल, कदाचित गुरगुरेल. रागावू नका, उचलून नेऊ नका. ती माहिती गोळा करते आहे.

वासाची ओळख

हा टप्पा लोक सर्वांत जास्त गाळतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. घरच्या मांजरीची लस झालेली असेल आणि डॉक्टरांनी पिल्लू निरोगी सांगितलं असेल, तर चौथ्या दिवसापासून सुरू करा. रस्त्यावरचं पिल्लू असेल किंवा गजकर्णाची शंका असेल, तर १४ दिवस पूर्ण होईपर्यंत कापड इकडून तिकडे नेऊ नका.

दोन स्वच्छ सुती मोजे घ्या. एक हातात घालून पिल्लाच्या गालांवर, हनुवटीखाली, कपाळावर हलकेच फिरवा. तिथल्या ग्रंथींतून येणारा वास मैत्रीचा असतो. शेपटीच्या मुळाशी फिरवू नका. तो मोजा घरच्या मांजरीच्या वाटेत ठेवा: दाराजवळ, खिडकीच्या कट्ट्याखाली. तिच्या अंथरुणावर किंवा ताटलीजवळ ठेवलात तर तिच्याच जागेवर परका बसवल्यासारखं होतं. ती हुंगून निघून गेली तर उत्तम. लगेच जवळच तिच्या आवडीचा घास ठेवा, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो, मीठ-मसाला-कांदा काही नको. फिस्कारली तरी ठीक, मोजा चार-पाच फूट दूर सरकवा आणि घास तिच्या बाजूला द्या. मोज्यावर पंजे मारून चावू लागली, तर तो उचलून ठेवा आणि पुढचे दोन दिवस फक्त तोच वास, अधिक लांब. हुंगल्यावर तोंड अर्धवट उघडून थिजल्यासारखी बघत राहिली तर घाबरू नका. टाळूतल्या एका अवयवाने ती तो वास वाचते आहे.

दुसऱ्या मोज्याने उलट दिशेचा प्रवास. घरच्या मांजरीचा वास पिल्लाच्या खोक्यात ठेवा. रोज एकदा, ताज्या वासाचे मोजे. धुतलेल्या मोज्यात काही उरत नाही.

पिल्लाला या काळात आंघोळ घालू नका. दोघांना एकच पावडर, अत्तर किंवा व्हॅनिला लावायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. दोघंही ते चाटतात, आणि ओळखायला हवा तो खरा वास झाकला जातो. धूप-कापूरही त्या खोलीत नको.

मोजा शेजारी असताना घरची मांजर निवांत खायला लागली की खोल्यांची अदलाबदल करा. तिला काही वेळ बेडरूममध्ये बंद करा आणि पिल्लाला अर्धा तास हॉलमध्ये फिरू द्या. मग पिल्लाला पिंजऱ्यात घेऊन तिला त्याच्या खोलीत जाऊ द्या. ती तिथे ट्रे हुंगेल, खोक्यात बसूनही बघेल. पिल्लाच्या ट्रेमध्ये सू केली तर हसून सोडून द्या, तिने आपली सही केली आहे. एक-दोन दिवसांत हे सुरळीत झालं की पुढे जा.

दाराच्या दोन बाजूंना जेवण

दार बंदच. दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून प्रत्येकी सहा फूट लांब. एकाच वेळी द्या. दोघंही शेपटी सैल ठेवून खात असतील, तर पुढच्या जेवणाला अर्धा फूट दाराकडे. एकाने जरी खाणं थांबवून दाराकडे टक लावली, तर पुढच्या वेळी आधीच्या जागी परत. दिवसाला एक फुटापेक्षा घाई करू नका. दोघं दाराला टेकून खाऊ लागले की हा टप्पा संपला.

हे चालतं कारण खाणं आणि भीती एकाच वेळी शरीरात मावत नाहीत. पण तिला उपाशी ठेवून भूक वाढवायची युक्ती करू नका. मोठ्या मांजरीने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो. लहान पिल्लू बारा तास खात नसेल तर तीही तातडीच समजा.

पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा पिल्लांचं खाद्य द्या. गाईचं दूध बहुतेक पिल्लांना जुलाब लावतं. रोज फक्त चिकन-भात दिला तर कॅल्शियम आणि टॉरिन हे मांजरीला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य कमी पडतं.

जाळीचं दार

नागपुरातल्या बऱ्याच घरांत लाकडी दारासोबत मच्छरांसाठी जाळीचं दार असतं. या कामासाठी यापेक्षा चांगली वस्तू नाही. जाळी नायलॉनची असेल तर नखांनी फाटते, म्हणून आधी स्टीलची बसवून घ्या, निदान खालच्या तीन फुटांना. जाळीचं दार नसेल तर सुताराकडून चौकटीत बसेल अशी जाळीची फ्रेम करून घ्या. दार थोडं उघडं ठेवून चालवायचं असेल तर फट तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी नको आणि दोन्ही बाजूंनी अडसर हवा, नाहीतर मोठी मांजर पंजा घालून दार उघडते आणि पिल्लू डोकं अडकवून घेतं.

जाळीवर बाहेरच्या बाजूने चादर टाका. पहिल्या दिवशी खालून फक्त दोन बोटं वर करा, जेवताना, पाच मिनिटं. नंतर चादर खाली. दुसऱ्या दिवशी चार बोटं. आठवडाभरात चादर पूर्ण वर. दोघांचं जेवण पुन्हा तीन-चार फुटांवरून सुरू करायचं, कारण आता डोळेही आले.

फिस्कारणं म्हणजे 'जवळ येऊ नकोस'. ते बोलणं आहे, भांडण नाही. एकदा फिस्कारून ती मागे वळली, नजर चुकवली, अंग चाटू लागली, तर तिने प्रसंग छान सांभाळला. काळजीची चिन्हं वेगळी आहेत. अंग न हलवता रोखून बघणं, कान मागे डोक्याला चिकटलेले, शेपटी जमिनीवर आपटणं, पोट खाली घेऊन सरपटत पुढे येणं. यातलं काही दिसलं की न ओरडता चादर सोडा आणि तिच्या मागे काहीतरी फेकून लक्ष वळवा. तिला शिक्षा करू नका. ओरडा खाल्लेली मांजर तो ओरडा पिल्लाच्या नावावर मांडते.

उन्हाळ्यात एक अडचण येते. कूलर नीट चालायला दार किंवा समोरची खिडकी उघडी लागते, आणि कूलरचा झोत पिल्लाच्या खोलीचा सगळा वास हॉलमध्ये ओततो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या खोलीत कूलर असेल तर हवा बाहेरच्या खिडकीकडे जाईल असं करा. नंतर हाच झोत उपयोगी पडतो, वास आपोआप घरभर पसरतो. थंड जागा मात्र दोन हव्यात. कूलरसमोरची एकच चटई असेल तर मे महिन्यातलं पहिलं भांडण तिच्यावरून होणार. दुसऱ्या खोलीत पंख्याखाली ओली गोणपाटाची पट्टी आणि मातीच्या कुंडीत पाणी ठेवा. पिल्लू तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ओल्या कापडाने अंग पुसून लगेच डॉक्टरांकडे न्या.

एकाच खोलीत, पहिल्यांदा

जाळीतून तीन दिवस सलग शांततेत जेवण झालं की दार उघडायची वेळ. दोघांची नखं आदल्या दिवशी कापून घ्या. पिल्लाला आधी पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने खेळवून दमवा. मोठीला थोडी भूक असावी. घरात दोन माणसं हवीत, मुलं शाळेत असतील तर बरं. हॉलमध्ये तिला चढायला चार-पाच फुटांवर जागा हवी: कपाटाचा माथा, सज्जा, खिडकीचा रुंद कट्टा. पिल्लाला शिरायला खोका. दोघांना बाहेर पडायला मोकळी वाट.

पिल्लाला कडेवर घेऊन तिच्या तोंडापुढे धरू नका. पिल्लू अडकतं, ती अडकते, आणि ओरखडे तुमच्या हातावर येतात. दार उघडा, दूर बसा, तिच्याशी नेहमीसारखं बोला, दोन काठ्या घेऊन दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात खेळवा. पाच ते दहा मिनिटं, आणि सगळं छान चाललेलं असतानाच थांबवा. बिघडल्यावर थांबवलं तर तेच लक्षात राहतं. दिवसातून दोनदा. रोज पाच मिनिटं वाढवा.

पिल्लू तिच्या शेपटीवर झेपावेल. ती नखं आत ठेवून एक टपली मारेल. ते तिला करू द्या, पिल्लाला शिकवायचा हक्क तिचा आहे. पिल्लू किंचाळलं नाही, लपलं नाही आणि ती पाठलाग करत नाही, तोवर मध्ये पडू नका. पिल्लू थांबतच नसेल आणि ती सारखी जागा बदलत असेल, तर उचलायचं ते पिल्लूच.

खरंच गुंतले, लोळले, केस उडाले, तर हात घालू नका. उशी किंवा जाड पुठ्ठा मध्ये सरकवा, किंवा मोठीवर चादर टाका. नंतर तिला अंधाऱ्या, शांत खोलीत पाणी आणि ट्रे देऊन काही तास एकटी सोडा. त्या तासांत तिला कुरवाळायला गेलात तर उरलेला राग तुमच्यावर निघतो. पिल्लाचं अंग केसांत बोटं घालून तपासा. मांजराच्या दाताची जखम वरून बारीक दिसते आणि आत पू धरते. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीचं विचारा. त्यानंतर दोन टप्पे मागे, म्हणजे पुन्हा बंद दार आणि दूरच्या ताटल्या. दुसऱ्या फेरीला सहसा पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ट्रेवरून. दोन मांजरी म्हणजे तीन ट्रे, आणि तेही तीन ठिकाणी. बाल्कनीत ओळीने मांडलेले तीन ट्रे मांजरीच्या लेखी एकच असतात, कारण एकजण वाटेत बसला की तिन्ही अडले. ट्रे दिवसातून दोनदा साफ करा. मोठी सोफ्यावर किंवा चादरीवर सू करू लागली तर तो बदला नसतो, तिला ट्रेपर्यंत जायची भीती वाटते आहे. ती जागा डिटर्जंटने धुऊन एन्झाइमचं क्लीनर वापरा. अमोनियाच्या क्लीनरना लघवीसारखाच वास येतो आणि ती तिला परत तिथेच बोलावतात. बोका ट्रेमध्ये सारखा बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी त्याच क्षणी दवाखाना. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि घरातला ताण हे त्याच्या कारणांपैकी एक आहे.

दुसरं, ताटल्या. मोठी पिल्लाचं जास्त चरबीचं खाद्य फस्त करते आणि जाड होते, पिल्लू मागे पडतं. वेगळ्या खोल्यांत, ठरलेल्या वेळी द्या आणि वीस मिनिटांनी उचला. पिल्लाचं वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. ते वाढत नसेल तर कुणीतरी त्याला ताटलीजवळ येऊ देत नाही.

तिसरी गोष्ट चटकन कळत नाही. बाहेरचा बोका रात्री खिडकीशी येऊन ओरडतो, घरची मांजर त्याच्यावर खवळते, आणि समोर सापडलेल्या पिल्लावर तुटून पडते. काल बरं होतं, आज काय झालं, असं वाटतं. अशा खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवा आणि ओट्याखाली खरकटं टाकणं बंद करा. फेरोमोनचा डिफ्यूझर, म्हणजे मांजरीच्या गालांच्या वासासारखा शांत करणारा वास हवेत सोडणारं उपकरण, काही मांजरींना मदत करतो. तो लावलात म्हणून टप्पे गाळू नका.

एकटं सोडायचं कधी

दोन आठवडे रोजच्या भेटी निवांत चालल्या, दोघं सहा फुटांच्या आत झोपू लागले आणि पिल्लू पळून कपाटावर चढू शकतं, इतकं झालं की अर्ध्या तासासाठी बाहेर जाऊन या. मग दोन तास. रात्री वेगवेगळ्या खोल्यांत झोपवणं आणखी काही आठवडे चालू ठेवा. त्या एकमेकींना चाटतील, कुशीत झोपतील, अशी अपेक्षा ठेवू नका. एकीने खिडकी, दुसरीने सोफा घेतला आणि पॅसेजमध्ये फिस्कारल्याशिवाय एकमेकींजवळून गेल्या, तर ओळख यशस्वी झाली.

पिल्लाच्या नसबंदीचं चौथ्या-पाचव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठेवा. पिल्लू मादी असेल तर चार महिन्यांनंतर कधीही माजावर येऊ शकतं, आणि नर असेल तर पाच-सहा महिन्यांत घरभर फवारे मारू लागतं. ऑपरेशनहून परतलेलं पिल्लू दवाखान्याच्या, भुलीच्या, स्पिरिटच्या वासाने भरलेलं असतं. मोठीला ते ओळखू येत नाही, आणि तीन महिने शेजारी झोपलेली मांजर त्याच्यावर फिस्कारते. त्या संध्याकाळी पिल्लाला परत त्याच्या जुन्या खोलीत ठेवा, दार लावा, मोठीच्या अंथरुणातली चादर त्याच्याखाली अंथरा, आणि दुसऱ्या दिवशी ताटल्या पुन्हा दाराच्या दोन बाजूंना मांडा.